अकरा पुरणपोळ्या

एका गावात एक घोंगड्या विणणारा होता. हात लोकरीत आणि तोंड थापेत. दोन्ही एकाच वेळी चालायची, म्हणून घोंगडी कधी विणून झाली ते त्याचं त्याला कळायचं नाही.

थापा तरी कशा? आजोबांनी विणलेल्या एका घोंगडीखालून म्हणे अख्खी वरात पावसातून कोरडी गेली होती, नवऱ्याच्या घोड्यासकट. आपण लहानपणी एका फुंकरीत होळी विझवली होती. कोणाचं त्यात काही बिघडत नव्हतं. गाव त्याचं बोलणं चाळणी लावूनच ऐकायचं. दहा म्हणाला की एक धरायचं आणि पोटभर हसायचं.

जेवणाचंही तसंच. त्या गावात पाहुण्यानं लगेच 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं 'नको' रीतीचं, आणि तिसरं 'नको' तोंडातून निघेपर्यंत ताट पुढ्यात आलेलं असायचं. घोंगडीवाला नुसतं 'नको' म्हणून थांबायचा नाही. "आत्ताच अकरा पुरणपोळ्या खाऊन आलोय," म्हणायचा आणि मग बसून चार भाकरी खायचा.

त्याची एकुलती एक लेक होती, येसू. डोंगरावरच्या वाडीतल्या लोकांनी तिला बघून पसंत केलं होतं. आता रीतीप्रमाणं बापानं जाऊन त्यांचं घर बघायचं होतं. मुलगा कष्टाळू, माणसं साधी. येसूच्याही मनात भरलं होतं. असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही, हे घोंगडीवाल्याला ठाऊक होतं.

निघताना बायको म्हणाली, "अहो, तिकडं तोंड सांभाळा. ती माणसं एकदाच विचारतात."

खरंच होतं ते. वाडीतलं एकेक घर एकेका टेकाडावर, मधे खोल दरी. इकडून हाळी घालायची, 'विस्तव आहे का?' तिकडून 'नाही' आलं की विषय संपला. पुन्हा विचारायला घसा कोण फोडणार? करता करता ती रीतच पडली. माणूस बोलला ते खरं. त्याला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याला खोटारडा ठरवणं.

बायकोनं भाकरी बांधून दिली, तीही यानं खुंटीलाच ठेवली. सोयऱ्याकडं जेवायलाच चाललोय, ओझं कशाला?

दोन डोंगर चढून दुपारी तो वाडीत पोचला तेव्हा पोटात कावळ्यांची जत्रा भरली होती. मुलाच्या बापानं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मुलाच्या आईनं कुळथाच्या पिठल्यावरचं झाकण काढलं. लसणाचा वास असा आला की घोंगडीवाल्याचे डोळेच मिटले.

"पाव्हणं, जेवणार?" तिनं विचारलं.

"छे, छे. आत्ताच अकरा पुरणपोळ्या खाऊन आलोय."

"बरं," ती म्हणाली आणि झाकण परत ठेवलं.

घोंगडीवाला दुसऱ्या वेळेची वाट बघत बसला. त्यानं खाकरून बघितलं. चुलीकडं तोंड करून बसून बघितलं. दुसरी वेळ काही येईना.

मुलाच्या बापानं दमलात का म्हणून विचारलं, तर हा सवयीनं बोलून गेला की असले दोन डोंगर मी रोज न्याहारीच्या आधी चढतो. मुलाचा बाप खूश झाला. म्हणाला, मग चला, वरचं शेत दाखवतो. ते वरचं शेत तिसऱ्या डोंगरावर होतं.

परत आला तेव्हा त्याचे गुडघे एकमेकांशी भांडत होते. तोवर घरची माणसं जेवायला बसली. पाहुण्याचं पोट भरलेलं, तेव्हा संकोच कसला? त्याच्यासमोर भाकरी मोडली, कांदा फोडला. मांजरालासुद्धा पिठल्यात कालवलेला तुकडा मिळाला. घोंगडीवाल्याच्या मनात आलं, मांजर अकरा पुरणपोळ्या सांगत नाही, म्हणून त्याचं बरं चाललंय.

जेवणं झाली. हात पुसत मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी बघितली आम्ही, पण काम काही बघितलं नाही. विणायला, रांधायला कशी आहे?"

घोंगडीवाल्याची जीभ सुटली. येसू दिवसाला एक घोंगडी विणते, म्हणाला. आणि शंभर माणसांचा स्वयंपाक एकटी करते, घामसुद्धा न येता.

आपल्या गावात लोक पोट धरून हसले असते. इथं कोणी हसलं नाही.

"बरं झालं," मुलाची आई म्हणाली. "म्हसोबाच्या जत्रेला अख्खी वाडी आमच्याकडं जेवते. यंदा मी बसते, सगळं सुनेवर सोडते. आणि थंडीच्या आत वाडीला तीस घोंगड्या हव्यात. महिनाभरात होतील."

मुलाचा बाप तर उठलाच. वाडीला आत्ताच कळवतो म्हणत टेकाडाच्या कडेला गेला आणि तोंडाभोवती हातांचा भोंगा केला.

घोंगडीवाल्याच्या डोळ्यांपुढं येसू उभी राहिली. समोर शंभर पत्रावळी, मागं तीस घोंगड्या मागायला आलेले लोक, आणि मधे रडवेली येसू. ही हाळी एकदा दरीत गेली की परत यायची नव्हती. तो लटपटत धावला आणि त्यानं मुलाच्या बापाचं धोतर धरलं.

"थांबा. खोटं आहे ते."

"कुठलं?"

"सगळंच. एका घोंगडीला वीस दिवस लागतात तिला. स्वयंपाक पाच माणसांचा चांगला करते. सहावा आला की भाकरी करपते."

"आणि पुरणपोळ्या?" मागून मुलाच्या आईनं विचारलं.

"सकाळपासून तुमच्या गुळाच्या खड्यावर आहे."

मोडली सोयरीक, घोंगडीवाल्याला वाटलं. बायकोला काय सांगू, येसूला काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही थाप सुचली नाही.

मुलाच्या आईबापांनी एकमेकांकडं बघितलं. "स्वतःचं पोट जळत होतं तेव्हा खरं बोलला नाही," ती म्हणाली. "लेकीसाठी बोलला. आपल्याला चालेल."

मुलाचा बाप दरीकडं वळला आणि त्यानं हाळी घातली, "आमच्याकडं सून येतेय. एका घोंगडीला वीस दिवस लावते. घट्ट विणत असणार."

पलीकडच्या टेकाडावरून आवाज आला, "बरं."

घोंगडीवाला मटकन खालीच बसला. मुलाची आई चुलीकडं जाता जाता म्हणाली, "पाव्हणं, जेवणार?"

'नको' जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "जेवणार."

"किती भाकरी?"

"दोन."

भूक चारची होती, पण सवय एका दिवसात जाते होय? तिनं मोजून दोन वाढल्या. दोन संपल्या, तो तिसरीची वाट बघत बसला. ताट उचललं गेलं.

दिवेलागणीला घरी पोचला. सोयरीक जमली म्हटल्यावर येसू लाजून आत पळाली. बायकोनं विचारलं, "जेवण कसं होतं? पोट भरलं ना?"

"अकरा भाकरी खाल्ल्या," घोंगडीवाला म्हणाला.

बायकोनं मनातल्या मनात चाळणी लावली आणि तवा चुलीवर ठेवला.

तात्पर्य: चाळणी असलेल्या घरी थाप मारली तर हसू येतं, पण तिच्यावर लेकीचा संसार उभा करू नये. आणि परगावी भूक लागली असेल तर पहिल्यांदाच 'हो' म्हणावं, आकडाही खरा सांगावा.