टिचकूचा शंख आणि दर्याचा घास

ही गोष्ट हळू आवाजात वाचायची. अगदी हळू. का? वर घार आहे. तिला ऐकू जाईल.

बिंबा आई-बाबांबरोबर मावशीकडे आली होती. मावशीच्या गावाला समुद्र होता. आज दिवसभर समुद्रावर जायचं होतं. आई पिशवी भरत होती.

"टोपी घेतली?"
"घेतली!" बिंबा म्हणाली.
"टॉवेल घेतला?"
"घेतला!"
"छत्री घेतली?"
"घेतली!"
"चटई घेतली?"
"घेतली!"
"डबा घेतला?"
"घेतला!"

मावशीने डब्यात एक पुडी ठेवली. केळीच्या पानाची, इवलीशी. आत दहीभात.

"हो दर्याचो घास," मावशी म्हणाली. "आधी दर्याक, मगे आपल्याक. तुझ्या हातान ठेव हां गो बिंबा. ध्यानात ठेव."

"ठेवीन!" बिंबा म्हणाली.

ठेवला का तिने? छे! वाळूवर पाय पडला आणि बिंबा सगळं विसरली.

पाण्याजवळ होता टिचकू. टिचकू म्हणजे चिंचोक्याएवढा खेकडा. त्याची पाठ मऊ मऊ. म्हणून तो शंखात राहायचा. आज शंखात वाळू गेली. टिचकू बाहेर आला. वाळू झटकू लागला. झट झट झट.

तेवढ्यात वरून एक हात आला. पाच बोटं. हात गेला. शंखही गेला!

तो हात बिंबाचा होता. शंख गेला पिशवीत.

मग सगळे जेवले. मावशीला वाटलं, बिंबाने घास ठेवला. बिंबाला काही आठवलंच नाही. घास राहिला डब्यात. आणि काय झालं, सांगू?

समुद्र थांबला.

लाट येईना. माडाचं पान हलेना. आईला झोप लागली. बाबांना झोप लागली. मावशीला लागली. बिंबालाही लागली. भर दुपारी!

समुद्र गप्प. वारा गप्प. सगळं गप्प.

वाळूवर एक सावली. गोल गोल गोल. सावली घारीची. वाटीएवढी.

टिचकू घाबरला. निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका. आला पिशवीपाशी.

"पिशवी, पिशवी, उघड!
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

"मी नाही उघडणार," पिशवी पुटपुटली. "माझ्यावर टॉवेल बसलाय. आधी टॉवेल उठू दे."

वाळूवर सावली. गोल गोल गोल. बशीएवढी.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका. टिचकू चढला टॉवेलावर.

"टॉवेला, टॉवेला, ऊठ!
पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

"मी नाही उठणार," टॉवेल म्हणाला. आवाज ओला ओला. "मी भिजलोय. मी जड झालोय. आधी छत्री सरू दे. ऊन येऊ दे."

समुद्र गप्प. वारा गप्प. सगळं गप्प.

वाळूवर सावली. गोल गोल गोल. ताटाएवढी.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका. टिचकू गेला छत्रीच्या दांड्यापाशी.

"छत्री, छत्री, सर!
टॉवेल उठेना, पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

"किर्रर्र," छत्री म्हणाली. "मी नाही सरणार. मला एकच पाय. तोही वाळूत रुतलाय. आधी वारा येऊ दे."

वारा कुठे होता? सुरूच्या झाडांत. दिसत नव्हता. नुसता होता.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका.

"वाऱ्या, वाऱ्या, ये!
छत्री सरेना, टॉवेल उठेना, पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

"मी नाही येणार," कुणीतरी टिचकूच्या मागून म्हणालं. टिचकूने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मी समुद्राचा श्वास. आधी समुद्र हलू दे."

वाळूवर सावली. गोल गोल गोल. परातीएवढी!

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका. टिचकू आला पाण्यापाशी. पाणी कसं होतं? आरशासारखं. टिचकूने आत पाहिलं. आत एक टिचकू. त्याचीही पाठ उघडी.

"समुद्रा, समुद्रा, हल!
वारा येईना, छत्री सरेना, टॉवेल उठेना, पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

पाण्याला तोंड नव्हतं. तरी ते बोललं. खोल, खोल आवाजात.

"भूऽऽक. सगळे जेवले. मी तसाच. आधी घास, मग श्वास. माझा घास डब्यात आहे. आधी डब्याने देऊ दे."

आता टिचकूला रडू आलं. पाय दुखले. आठही दुखले. पण बसून कसं चालेल? सावली केवढी झाली, माहीत आहे? चटईएवढी!

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका.

"डब्या, डब्या, घास दे!
समुद्र हलेना, वारा येईना, छत्री सरेना, टॉवेल उठेना, पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

"मी नाही देणार," डबा म्हणाला. "माझं झाकण घट्ट. घास ठेवणं बिंबाचं काम. आधी बिंबा जागी होऊ दे."

बिंबा चटईवर झोपली होती. तिचा हात बाहेर वाळूवर पडला होता.

टिचकू थांबला.

तोच हात. पाच बोटं. याच हाताने शंख नेला होता. हात मिटला तर? टिचकू आत चिरडला तर? टिचकूला फार फार भीती वाटली.

पण गेला हो टिचकू. तुरु... तुरु... तुरु... हातावर चढला.

"बिंबा, बिंबा, जागी हो!
डबा देईना, समुद्र हलेना, वारा येईना, छत्री सरेना, टॉवेल उठेना, पिशवी उघडेना,
शंख मिळेना, पाठ झाकेना.
घार येते, मी काय करू?"

बिंबा हूं नाही की चूं नाही.

वाळूवरची सावली फिरायची थांबली. टिचकूच्या डोक्यावर अंधार झाला. घारीने पंख मिटले.

टिचकूने नांगी उघडली. करंगळी धरली. आणि...

कचक!

"आई गं!" बिंबा उठून बसली. घार दचकली, पुन्हा वर गेली. टिचकू पडला वाळूत. बिंबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आई झोपलेली. बाबा झोपलेले. मावशी झोपलेली. आणि समुद्र? समुद्राचा आवाजच नाही!

"अगं बाई!" बिंबा म्हणाली. "दर्याचा घास!"

बिंबा जागी झाली, तिने डबा उघडला.
डब्याने घास दिला.
बिंबा पळाली. धप धप धप. घास पाण्यात ठेवला. "घे रे दर्या. चुकले मी."

आधी काहीच झालं नाही.

मग... हूंऽऽऽऽ!

समुद्र हलला, वारा आला.
वारा आला, छत्री सरली.
छत्री सरली, ऊन पडलं.
ऊन पडलं, टॉवेल सुकला. फड फड फड, टॉवेल उठला.
टॉवेल उठला, पिशवी कलंडली.
पिशवी कलंडली, तोंड उघडलं.
शंख घरंगळला. गडगड गडगड गडगड. थेट टिचकूपुढे!

सूंऽऽऽ! वरून घार आली!

टिचकू आत. टक्!

घारीच्या चोचीत काय आलं? वाळू. नुसती वाळू! थू थू थू करत गेली घार उडून.

बिंबा परत आली. वाळूत तिचा शंख पडला होता. तिने हात पुढे केला. शंख हलला. शंखाला पाय फुटले. एक, दोन, तीन, चार! बिंबाने हात पटकन मागे घेतला.

"हे तुझं घर होतं होय?" ती म्हणाली. तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

टिचकू वळला. तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका, गेला पाण्याकडे.

आई जागी झाली. बाबा जागे झाले. मावशी जांभई देत म्हणाली, "घास ठेवलंस मां गो?"

"ठेवला," बिंबा म्हणाली. "पण उशिरा."

तेवढ्यात एक लाट आली. पायाशी काहीतरी ठेवून गेली. केळीच्या पानाची पुडी! नीट बांधलेली. मावशीने उघडली. आत काही नव्हतं. भाताचं एक शीतसुद्धा नव्हतं. पान चाटूनपुसून स्वच्छ.

मावशी समुद्राकडे बघत राहिली. मग हात जोडून हळूच म्हणाली, "दर्या पावलो."

ऊन उतरलं. घरी जायची वेळ झाली. आई पिशवी भरू लागली.

"टोपी घेतली?"
"घेतली."
"टॉवेल घेतला?"
"घेतला."
"छत्री घेतली?"
"घेतली."
"चटई घेतली?"
"घेतली."
"डबा घेतला?"
"घेतला."
"आणि तुझा तो शंख घेतला?"

बिंबाने करंगळीकडे पाहिलं. तिथे एक लाल ठिपका होता.

"नाही घेतला," बिंबा म्हणाली. "त्यात कुणीतरी राहतं."