काच फुंकणारी धाकटी आणि रोगांची पोथी

फार फार वर्षांपूर्वी, उंच डोंगरांच्या मधोमध वसलेल्या एका राज्यात काच फुंकणाऱ्यांचं एक गाव होतं. भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि दमाने फुंकायचं, की त्या गोळ्याची सुरई होई. त्या नळीला गावात फुंकणी म्हणत.

ज्याच्या हाती फुंकणी, त्याला गावात घर. जो कारणाशिवाय भट्टी सोडेल त्याची फुंकणी ऐरणीवर ठेवून मोडत आणि त्याला कायमचं वेशीबाहेर काढत. मोडलेल्या फुंकण्यांचा ढीग वेशीपाशीच पडलेला असे, जाता-येता सगळ्यांना दिसावा म्हणून. असले नियम करणारे स्वतः भट्टीपाशी कधी उभे राहत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या गावात दोन बहिणी राहत. थोरली वैद्य होती, धाकटी काच फुंकी. धाकटीच्या सुरया इतक्या पातळ असत, की त्यातून पलीकडच्या माणसाचं हसू दिसे.

एके दिवशी धाकटीने फुंकणीला तोंड लावलं आणि तिचा श्वासच पुढे सरकेना. हातपाय कापू लागले, काचेचा गोळा जमिनीवर पडला. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती भट्टीच्या दारातूनच मागे फिरली.

थोरलीने नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाठीला कान लावला. ताप नव्हता, खोकला नव्हता.

"तुला होतंय तरी काय?" तिने विचारलं.

"ताई, आत जागाच उरली नाही गं. सगळं अरुंद झालंय."

"हे काय दुखण्याचं नाव झालं? नीट सांग."

त्यानंतर धाकटीने सांगायचंच सोडून दिलं.

गोष्ट राजवैद्यांपर्यंत गेली. राजवैद्यांकडे रोगांची एक जाडजूड पोथी होती. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि मिटली.

"पोथीत हे दुखणं नाही," ते म्हणाले. "पोथीत नाही, म्हणजे रोग नाही. रोग नाही, म्हणजे हा कामचुकारपणा. द्राक्षं उतरवण्याच्या सणापर्यंत रोगाचं नाव आणा, नाहीतर सणाच्या दिवशी हिची फुंकणी मोडली जाईल."

सणाला दोन महिने होते. थोरलीने त्याच दुपारी जोडे चढवले. काच विकत घ्यायला तीन मुलखांचे लोक गावात येत. त्यांची दुखणीखुपणी पाहता पाहता ती त्यांच्या भाषा मोडक्यातोडक्या शिकली होती. तिने मनाशी पक्कं केलं, की नाव घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

ती आधी उत्तरेला गेली. तिथल्या एका शिंप्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "याला आम्ही आंग्स्ट म्हणतो."

"हा शब्द कुठून आला?"

"बाई, आमच्याकडे अंगाला आवळणाऱ्या कपड्याला आणि अरुंद खोलीला जो शब्द आहे, त्याच्याच घरातला हा. कुणीतरी घाबरलेला माणूस म्हणाला असेल, मला आतून आवळतंय. त्याच्या शेजाऱ्याने तेवढं लक्षात ठेवलं."

मग ती पश्चिमेला गेली. तिथे खेचरं हाकणारी एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, "आमच्यात याला आंग्वास म्हणतात. जुन्या भाषेत तो चिंचोळ्या खिंडीचा शब्द होता. खिंडीत कधी अडकली आहेस का? मागे जाता येत नाही, पुढे जाववत नाही. तसं ज्याच्या छातीत झालं, त्यानेच हे नाव दिलं असणार. पंडितांच्या छातीत असलं काही होत नाही."

दक्षिणेला पोचेपर्यंत तिच्या जोड्यांचे तळ गेले होते. पायांना फडकी गुंडाळून ती चालत राहिली. तिथे ऑलिव्हचं तेल काढणाऱ्या घाणेवाल्याने शब्द सांगितला, आन्सिया. मूळ विचारलं तेव्हा त्याने नुसती आपल्या गळ्याभोवती बोटं आवळून दाखवली.

थोरली परत निघाली. तीन शब्द पदरात पडले होते, तरी तिला काहीतरी टोचत होतं. तीनही ठिकाणी तिने रोगाचं नाव विचारलं होतं आणि तीनही ठिकाणी तिला कुणा दुखणाऱ्या माणसाचं बोलणंच मिळालं होतं.

ती गावात पोचली तेव्हा सण सुरू झाला होता. धाकटीची फुंकणी ऐरणीवर ठेवलेली होती. गावातला सगळ्यात म्हातारा काचवाला हातात घण घेऊन उभा होता, कारण फुंकणी मोडायचा मान वयाने मोठ्या माणसाचा असे. धाकटी खाली मान घालून बसली होती.

"थांबा," थोरली म्हणाली, आणि तिने तीनही शब्द सांगितले.

राजवैद्य हसले. "तीन मुलखांचे तीन परके शब्द. ते त्यांच्या पोथ्यांत लिहा. आपल्या भाषेत या रोगाला नाव आहे का?"

थोरलीने तोंड उघडलं आणि तिला एकदम आठवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे शोधायला ती तीन मुलूख तुडवून आली होती, ते तिच्याच घरात, तिच्याच बहिणीने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

ती धाकटीसमोर जमिनीवर बसली. "त्या दिवशी तू मला काय म्हणालीस, ते पुन्हा सांग. मी तेव्हा ऐकलं नाही. माझं चुकलं."

धाकटीने मान वर केली. मग हळूच म्हणाली, "आत जागाच उरली नाही. सगळं अरुंद झालंय."

म्हाताऱ्या काचवाल्याने घण खाली ठेवला.

"माझा बाप हेच म्हणायचा," तो म्हणाला. "हेच शब्द. आम्ही त्याला आळशी म्हटलं. त्याची फुंकणी त्या ढिगात आहे. मी हा घण आता उचलणार नाही, राजवैद्य. तुम्हाला मोडायची असेल तर तुम्ही मोडा."

राजवैद्यांनी गर्दीकडे पाहिलं. दोनचार बायकांनी, एका तरुण काचवाल्याने, अगदी पाणी वाटणाऱ्यानेही आपापल्या छातीवर हात ठेवला होता. राजवैद्यांनी घणाला हात लावला नाही. त्यांनी पोथी उघडली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर धाकटीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

एकदा दुखणं कळल्यावर उपायही सुचला. धाकटीची जागा भट्टीच्या कोंदट कोपऱ्यातून काढून दाराशी केली. तिला वाटेल तेव्हा ती बाहेर कुरणात जाऊन बसे, आणि थोरली रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून ती सांगेल ते ऐके. पुढच्या वसंतात धाकटीने एक पेला फुंकला. तो जरा वाकडा झाला होता. थोरली जन्मभर त्यातूनच पाणी प्यायली.

वेशीपाशीचा ढीग गावाने उपसला. ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांना निरोप गेले आणि काही जण परतही आले. म्हाताऱ्या काचवाल्याचा बाप मात्र केव्हाच गेला होता. त्याची मोडकी फुंकणी मुलाने घरी नेली आणि दाराशेजारी टांगली.

लहानांनो, थोरांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: दुखण्याचं खरं नाव ज्याला दुखतं त्याच्याच तोंडी असतं, म्हणून पोथी उघडण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं.