लख्ख अंगण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की राजाच्या पागेत घोड्यांच्या शेजारी सायकली उभ्या असत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नसे.

त्या राज्यात एक तलाव होता आणि तलावाकाठी दोन गावं. उन्हाळ्यात पहिलं पाणी कुणी घ्यायचं, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. राजा वैतागला. म्हणाला, "सायकलींची शर्यत लावा. जिंकेल त्याच्या गावाला पहिलं पाणी."

वरच्या गावाने कुंभारणीच्या लेकीला उभं केलं. पोरगी वाऱ्याशी पैज लावणारी. शर्यत संपायची होती त्यांच्याच गावातून जाऊन पलीकडच्या वेशीत, म्हणून सगळं गाव उत्साहाने नुसतं फुरफुरत होतं. कुंभारणीने सकाळीच कुंपणाच्या बाभळी छाटल्या, अंगण झाडून लख्ख केलं आणि काटेकुटे नेहमीसारखे दारापुढच्या रस्त्यावर लोटले. घरोघरी हीच रीत. अंगण आपलं, रस्ता राजाचा.

ढोल वाजला, शर्यत सुटली. वाटेत बाभळीचं बन लागलं. लेक मोठी हुशार. बन ओलांडताच ती खाली उतरली, चाकांवरून चिंधी फिरवली, टायरला चिकटलेले काटे आत रुतायच्या आधीच टिपून टाकले आणि पुन्हा सुसाट निघाली. खालच्या गावचा पैलवान मागे धापा टाकत राहिला.

"आली रे आली, आपलीच आली." वेशीवर माणसं नाचायला लागली. कुंभारीण आपल्या दारात येऊन उभी राहिली. लेक गल्लीत वळली, स्वतःच्या दारापुढे आली, आणि फुस्स. चाक बसलं, सायकल आडवी झाली, पोरीचा गुडघा फुटला.

मागून येणाऱ्या पैलवानाने ते पाहिलं. गडी खाली उतरला, सायकल खांद्यावर टाकली आणि पळतच वेस गाठली.

कुंभारणीने लेकीजवळ बसून टायरमधला काटा उपसला. काटा ओला होता, सकाळीच छाटलेल्या फांदीचा.

लेक म्हणाली, "आई, बनातल्या काट्यांपासून मी जपून राहिले गं. घरच्यांचा मला संशयच आला नाही."

त्या उन्हाळ्यात वरच्या गावाने डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून हंड्याने पाणी आणलं. कुंभारणीचं चाक तर पावसाळ्यापर्यंत फिरलंच नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं अंगण झाडून कचरा रस्त्यात लोटणारा आपल्याच माणसांच्या वाटेत काटे पेरतो.