पांढरीची माती

मोहना नदीच्या काठी तळगव्हाण नावाचे लहानसे गाव आहे. तिथे वाळूबुवा महाराजांचा काही वर्षे मुक्काम होता. नदीच्या वाळवंटात बसत म्हणून लोक त्यांना वाळूबुवा म्हणत. खरे नाव त्यांनी कुणाला सांगितले नाही आणि कुणी फारसे विचारलेही नाही.

हे गाव मुळात नदीकाठच्या उंच टेकाडावर वसलेले. पेंढाऱ्यांनी ते जाळले, त्यात कित्येक माणसेही गेली. परतलेल्या लोकांनी शेते जवळ म्हणून खाली सपाटीला घरे बांधली. वर उरली ती पांढरी, म्हणजे पडक्या भिंतींची आणि चुलींच्या राखेची माती. तिला कुदळ लावायची नाही, असा वाडवडिलांचा दंडक होता. अक्षय्य तृतीयेला घरटी एक घागर पितरांच्या नावाने तिथे ओतली जाई. पुढे लोकांना एवढी चढण चढायचाही कंटाळा आला. टेकाडावर झोपडी करून राहणारी विधवा ठकूबाई कोळीण तेवढी घागर ओतत राहिली.

पांढरीची माती म्हणजे शेताला उत्तम खत. गावच्या भुजंगराव पाटलांनी ती वाहायला गाड्या जुंपल्या. ठकूबाई आडवी आली, तेव्हा ते हसले.

"ठके, मेलेल्यांना कुठं भूक लागती? जोंधळा जित्यांना लागतो!"

ती रडत महाराजांकडे गेली. महाराज स्वतः पाटलांच्या दारी गेले.

"पाटील, तुमचे वाडवडील त्या मातीत आहेत. तिला हात लावू नका."

"महाराज, तुम्ही भजन करा. शेती आमची आम्हाला कळती."

महाराज परतले. आणि एकट्या पाटलांना तरी बोल का लावावा? त्यांचे पीक पुरुषभर वाढलेले दिसताच साऱ्या गावाने फावडी उचलली. बघता बघता अर्ध्याहून अधिक टेकाड शेतांत गेले. हळहळ वाटते ती याचीच, की त्या दोघांखेरीज थांबा म्हणणारा एकही निघाला नाही!

पुढच्या भाद्रपदात भर दुपारी नदीला महापूर आला. गावाला दुसरी उंच जागा होती कुठे? बायकापोरे टेकाडाकडे धावली. पूर्वी सारे गाव ज्यावर नांदले, तिथे आता उभे राहायलाही जागा पुरेना. ठकूबाई एकेकाला हात देऊन वर ओढत होती. महाराज तिच्याशेजारी नामस्मरण करीत उभे होते. सर्वांत शेवटी पाटील आले, सोबत ओली बाळंतीण सून आणि तिच्या कुशीत तान्हे मूल. वर पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाणी पाटलांच्या छातीला लागले.

"पाटील, सुनंला वर चढवा," ठकूबाई म्हणाली. "म्या उतरते."

आणि ती खरेच उतरू लागली! महाराजांनी तिचा हात धरला.

"ठकू, तू थांब. मी उतरतो."

महाराजांनी पुरात पाऊल टाकले. पाणी पाऊलभर खाली गेले. दुसरे टाकले, पाणी आणखी ओसरले. महाराज उतरत राहिले आणि त्यांच्या पुढे पुढे नदी माघार घेत गेली. ते पायथ्याशी पोचले, तेव्हा सगळीकडे नुसता चिखल होता. केवढी ही संतकृपा!

पाटलांनी धावत जाऊन पाय धरले. "महाराज, चुकलो. एवढं टेकाड पहिल्यासारखं करा."

महाराजांचे डोळे भरून आले. "पाण्याने माझे ऐकले, पाटील. पण ती माती तुम्ही पेरून खाल्लीत. ती मी कुठून आणू?"

पाटील मग ठकूबाईच्या पायांवर वाकले. ती चटकन मागे सरली.

"माझ्या पाया नगा पडू. ज्यांच्या पडायचं, त्ये समदे तुमच्या वावरात पांगल्यात."

पाटील वळले. समोर चिखलाने माखलेले, आडवे झालेले पीक होते. बांधावर गुडघे टेकून त्यांनी त्या मातीवर डोके ठेवले, आणि त्यांच्या मागे एकेक करून सारे गाव वाकले.