हमीवालीची खुर्ची

शिक्का हातात आला की माणसाला आपण यमाचे मेहुणे आहोत असं वाटायला लागतं. असाच एक परदेशी साहेब आपल्या देशाच्या व्हिसा कचेरीत बसला होता. त्याच्या देशात लढाई पेटली होती, म्हणून तिकडे जायला कचेरीत आलेली केराबाई एकटीच.

तिची लेक मालन तिकडे नर्स होती. दवाखान्यावर बॉम्ब पडला, मालन गेली आणि तिला तिथल्याच अंगणात पुरलं, असं एका डॉक्टरणीने कळवलं होतं. केराबाईला लेकीला गावी आणायचं होतं.

साहेबाने वही उघडली. "मालन ना? ती चैत्रातच सुखरूप मायदेशी परतली. आमच्याकडे कोणी मरत नाही, बाई."

"तरी मला जायचंय."

"मग तिथून जिवंत परतलेल्या माणसाची हमी लागेल. तुम्ही येईपर्यंत त्याने इथे बसून राहायचं." साहेब हसला. तिथून कोणी परतलंच नव्हतं.

केराबाईने शेजारची रिकामी खुर्ची पदराने पुसली. "बस गं मालन. साहेब, लिहा हमीवालीचं नाव."

"अहो, इथे कोणी नाही!"

"नाही कसं? वही तुमची, शिक्का तुमचा. नाहीतर मेली म्हणून लिहून द्या. मग आईला कोण अडवतो ते बघते."

एक मरण कबूल केलं की सगळी वही खोटी पडणार. साहेबाने हमीवालीच्या जागी मालनचं नाव लिहिलं आणि व्हिसावर शिक्का मारला.

केराबाई दारातून वळली. "मालन, हलू नकोस. मी तुला घेऊन येते."

तेव्हापासून साहेब त्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. ती करकरली, की मात्र न वळता म्हणतो, "बसा, बसा. आई येतेच आहे."