रद्दीतली पाखरं

वस्तू अजून आपापसांत बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. पुस्तकं बांधणाऱ्या सगुणाबाईंच्या घरात एक जुनी लॅम्पशेड होती. तिचं रेशीम विटलं होतं, एका बाजूला भोकही पडलं होतं. तरी तिचा तोरा कायम होता.

एके सकाळी सगुणाबाईंनी खळ शिजवली आणि जुन्या कॅलेंडरांमधून पाखरांची चित्रं कापायला घेतली. लॅम्पशेड घाबरली. "ही रद्दी माझ्या अंगावर चिकटवणार? मग माझं रेशीम कुणाला दिसणार?"

"आम्ही तरी आता कुणाला दिसतो, ताई?" कागदाचा खंड्या हळूच म्हणाला. "माझी अर्धी शेपटी वाळवीने खाल्ली. तुम्ही जागा दिलीत तर उरलेला मी वाचेन."

लॅम्पशेडने त्याची अर्धी शेपटी पाहिली. मग म्हणाली, "त्या भोकावर बस. तिथे मला फार गार लागतं."

दिवसभर सगुणाबाई एकेक पाखरू चिकटवत राहिल्या. तिन्हीसांजेला खळ वाळली आणि त्यांनी दिवा लावला.

पातळ कागदांतून उजेड झिरपत होता. खंड्याची निळाई ओली असल्यासारखी चमकत होती. भिंतींवर पाखरांच्या सावल्या उतरल्या होत्या, आणि सगळ्यांच्या मागे तिचं रेशीम पहाटेसारखं उजळलं होतं. सगुणाबाई हातातलं काम विसरून बघत उभ्या राहिल्या.

"ताई," खंड्या कुजबुजला, "एवढं मोठं आभाळ तुम्ही कुठे ठेवलं होतं?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं?" लॅम्पशेड म्हणाली.