काचेतला दुसरा सरडा

सरड्यांनाही काचेची घरं मिळू लागली, त्या काळची गोष्ट. कुमुदताईंचा दाढीवाला सरडा दिवसभर काच ओरबाडायचा आणि गळ्याखालची पिवळसर काटेरी दाढी फुगवून काळी करायचा. ताईंनी मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. दाढी आणखी काळी झाली.

भिंतीवरच्या पालीने विचारलं, “एवढा कुणावर चिडलास?”

“समोरच्या सरड्यावर. हटतच नाही.”

“अरे, ते तुझंच प्रतिबिंब आहे.”

“मी इतका काळा नाही,” सरडा म्हणाला.

शेवटी शेजारणींची नजर लागू नये म्हणून ताईंनी काचेला आतून जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. प्रतिबिंब दिसेनासं झालं. तासाभरात दाढी पुन्हा पिवळसर झाली.

“उतरली बाई दृष्ट,” ताई म्हणाल्या.

“पळाला एकदाचा,” सरडा म्हणाला.

पाल नुसती चुकचुकली.